शस्त्रक्रिया एक, निकाल अनेक

सनदी सेवेत माणूस हजारो नस्त्यांवर शेरे लिहितो आणि विसरून जातो. काही शेरे मात्र निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाहीत. माझ्या बाबतीत तो शेरा जेमतेम तीन ओळींचा आहे. राज्याच्या आरोग्य खात्यात असताना कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची वादग्रस्त प्रकरणे माझ्याकडे अंतिम निर्णयासाठी येत. त्यातल्या एका नस्तीत दोन कर्मचाऱ्यांची तुलना होती. एक शासकीय शाळेतील शिक्षिका, दुसरा एका कार्यालयातील वाहनचालक. लठ्ठपणावर उपाय म्हणून केली जाणारी बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया दोघांवरही झाली होती. एकाच रुग्णालयात, एकाच महिन्यात. तीन वर्षांनी चालकाचे वजन जे उतरले ते उतरलेलेच होते. शिक्षिकेचे वजन पहिल्या वर्षी ३४ किलोने घटले आणि पुढच्या दोन वर्षांत त्यातले १५ किलो परत आले. शिवाय रक्तक्षय आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. त्या तपासण्या, इंजेक्शने आणि आहारतज्ज्ञाच्या शुल्काची भरपाई मिळावी, एवढीच तिची मागणी होती.

मी लिहिले : ‘शस्त्रक्रिया समान, रुग्णालय समान, निकाल मात्र भिन्न. अर्थात फरक रुग्णाच्या वर्तनात आहे. वाढीव खर्चाचा भार शासनाने उचलण्याचे कारण दिसत नाही.’ दावा फेटाळला गेला. तिच्या अर्जाला रुग्णालयातील नियमित फेरतपासणीच्या चिठ्ठ्या तारखांसह जोडलेल्या होत्या. त्या मी पाहिल्या होत्या, त्यांचा अर्थ लावला नव्हता. तिने पुन्हा अर्ज केला नाही आणि प्रकरण निकाली निघाले, असे आम्ही मानले.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने तो शेरा किती पोकळ होता, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. आणि ते पुस्तकातून नव्हे, घरातून कळले. माझ्या धाकट्या बहिणीवर काही वर्षांपूर्वी हीच शस्त्रक्रिया झाली. ती स्वभावाने हिशेबी. काय खाल्ले, किती चालले, कोणती गोळी कधी घेतली, याची वही तिने पहिल्या दिवसापासून ठेवली. तिसऱ्या वर्षी वजनाचा काटा पुन्हा वर सरकू लागला, तेव्हा घरातल्याच एका वडीलधाऱ्याने ‘जिभेवर ताबा नको का?’ असे ऐकवले. त्या रात्री तिने वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, ‘भैया, तुम्ही आयुष्यभर कागद तपासलेत. यात माझी चूक कुठे आहे तेवढी दाखवा.’ मला दाखवता आली नाही. आठवला तो माझाच शेरा.

सरासरीच्या आड दडलेली माणसे

हा लेख वैयक्तिक प्रायश्चित्तासाठी नाही. प्रश्न सार्वजनिक धोरणाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा लठ्ठपणाच्या श्रेणीत येतात. आधीच्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे २१ आणि १९ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचे दाखवले. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. म्हणजे हा विषय आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला राहिलेला नाही. शस्त्रक्रिया हा यातला शेवटचा आणि मोजक्या लोकांसाठीचा उपाय असला, तरी विमा आणि शासकीय प्रतिपूर्ती यांच्या मार्गाने तो सार्वजनिक पैशाला आणि सार्वजनिक न्यायबुद्धीला येऊन भिडलेला आहे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुढे वाढत नाही, हे शल्यचिकित्सकांच्या लक्षात येत गेले. त्याच धाग्यावरून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात ‘गॅस्ट्रिक बायपास’ विकसित केली. आज मुख्यतः दोन पद्धती प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाशी जोडतात, त्यामुळे अन्न सुरुवातीचा मार्ग टाळून जाते. पूर्वी समज असा होता, की जठर लहान झाले, माणूस कमी जेवू लागला, म्हणून वजन उतरले. आज हे स्पष्टीकरण अपुरे ठरले आहे. शस्त्रक्रियेनंतर भूक चेतवणारे ‘घ्रेलिन’ आणि तृप्तीची जाणीव देणारे ‘जीएलपी-१’ यांसारख्या संप्रेरकांचे गणित बदलते, पित्ताम्लांचे वहन बदलते, आतड्यातील सूक्ष्मजीवांची वस्ती बदलते. पोटावरची ही शस्त्रक्रिया प्रत्यक्षात मेंदू आणि आतडे यांच्यातील संवादावरची शस्त्रक्रिया आहे. आणि तो संवाद प्रत्येक शरीरात वेगळा असेल, तर निकालही वेगळाच असणार.

तो किती वेगळा असतो? अमेरिकेतील दहा रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे तीन वर्षांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्या १,७३८ रुग्णांच्या वजनातील घट मध्यक मूल्याने ३१.५ टक्के होती. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हाच आकडा येतो. पण त्याच पाहणीत वजन सर्वांत कमी उतरलेल्या चतुर्थांश रुग्णांची घट २४.६ टक्क्यांच्या खाली होती आणि सर्वाधिक उतरलेल्या चतुर्थांशाची ३८.४ टक्क्यांच्या वर. १२० किलोच्या माणसाच्या भाषेत सांगायचे, तर एकाचे साडेएकोणतीस किलोही उतरत नाहीत आणि दुसऱ्याचे ४६ किलोंहून अधिक उतरतात. मधले निम्मे रुग्णही या दोन टोकांमध्ये विखुरलेले. शिवाय सगळ्यांची वाटही एक नव्हती. कुणाचे वजन उतरून टिकले, कुणाचे काही काळाने परत चढले. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात दहा वर्षांनंतर बायपासच्या रुग्णांची सरासरी घट २५ टक्के होती, तर जठराभोवती पट्टी बसवलेल्यांची १४ टक्के. पद्धत बदलली की सरासरी बदलते, आणि एकाच पद्धतीत माणूस बदलला की निकाल बदलतो.

सरासरीचा हा खेळ प्रशासनाला नवा नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत नुकसान ठरते ते मुख्यतः विमा क्षेत्राच्या, म्हणजे गावाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या, सरासरी उत्पन्नावरून. गावाची सरासरी बरी आली की ज्याचे शेत करपले तो शेतकरी रिकाम्या हाताने परततो. पण त्या शेतकऱ्याला ‘तुझे शेत करपले, म्हणजे तूच आळशी’ असे निदान कोणी लेखी कळवत नाही. शिक्षिकेला आम्ही ते लेखी कळवले होते.

फरकाची कारणे

शस्त्रक्रियेचे यश आधीच अचूक वर्तवता येईल, असे सूत्र वैद्यकाच्या हाती अजून लागलेले नाही. काही गोष्टी मात्र पुनःपुन्हा दिसून आल्या आहेत. मधुमेह असलेल्यांचे वजन सरासरीने कमी उतरते. वय वाढलेल्यांचेही तसेच. इन्सुलिन, स्टेरॉइड, मानसिक आजारांवरची काही औषधे वजन वाढवण्याकडे झुकतात आणि ती थांबवणे नेहमी शक्य नसते. आनुवंशिकतेचा वाटाही लक्षणीय आहे. बोस्टनमधील संशोधकांनी २०११ मध्ये बायपास झालेल्या नातेवाइकांच्या जोड्या तपासल्या. जवळच्या रक्तसंबंधितांच्या निकालांत ठळक साम्य आढळले. एका छपराखाली राहणाऱ्या, पण रक्ताचे नाते नसलेल्या जोड्यांत ते तसे आढळले नाही. नमुना लहान होता हे मान्य. तरीही ज्या स्वयंपाकघराला आपण दोष देतो, ते स्वयंपाकघर एक असूनही निकाल निराळे निघाले, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

वर्तनाला काहीच अर्थ नाही, असे मी म्हणत नाही. आहार, चालणे, झोप, नियमित फेरतपासणी या सर्वांचे महत्त्व आहे. पण तिथेही कार्यकारणाची गाठ सैल करून पाहावी लागते. फेरतपासणीला नियमित येणाऱ्यांचे वजन चांगले उतरते, असे अनेक पाहण्या सांगतात. येण्यामुळे वजन उतरते, की वजन उतरले म्हणून रुग्ण आनंदाने येतो आणि न उतरलेला लाजेने घरी बसतो? दोन्ही खरे असू शकते. शिवाय रुग्णालय दीडशे किलोमीटरवर असणे, त्या दिवसाची मजुरी बुडणे, सोबतीला कोणी नसणे, हेही ‘वर्तना’च्याच खात्यात लिहिले जाते. भारतीय शाकाहारी थाळीत पुरेशी प्रथिने बसवणे हेच मुळात कठीण. ज्याला एका वेळी चार-सहा घासच जातात, त्याच्यासाठी ते आणखी कठीण. आणि ज्याला डाळ-पनीर रोज परवडत नाही, त्याच्यासाठी तर तो केवळ उपदेश ठरतो.

भारतीय शरीराचा प्रश्नही निराळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. दोघांचा शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा : २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर एकसारख्या दिसणाऱ्या दोन माणसांच्या आत काय चालले आहे, हे काटा सांगत नाही, याचा इतका सुटसुटीत पुरावा दुसरा नसेल. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकसंख्येसाठी धोक्याचे टप्पे खाली आणून २३ आणि २७.५ हे आकडे सुचवले. शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई रुग्णांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे म्हटले.

आपले विमा नियम मात्र १९९१ च्या अमेरिकी सहमतीच्या मापात अडकलेले आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित शब्दरचनेनुसार बीएमआय ४० असावा लागतो, किंवा ३५ असल्यास हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध किंवा अनियंत्रित मधुमेह यांसारखा गंभीर आजार सोबत असावा लागतो, आणि वजन घटवण्याचे सौम्य उपाय आधी फसलेले असावे लागतात. म्हणजे रोग पुरेसा पिकल्याशिवाय दार उघडत नाही. मधुमेह जितका जुना, तितका शस्त्रक्रियेचा लाभ कमी, हे वैद्यकाला ठाऊक आहे. रुग्णाला उशिरा आत घ्यायचे, मग निकाल उणा आला की त्याच्या जिभेवर ठपका ठेवायचा, असा हा न्याय आहे.

मोजमाप कोणासाठी?

यशाचे मापही सरळ नाही. समजा, पाच फूट एक इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या दोन स्त्रिया आहेत. या उंचीला बीएमआय २५ धरल्यास ‘योग्य’ वजन ६० किलो होते. पहिली १२० किलोची. तिचे ३६ किलो उतरले. दुसरी ९० किलोची. तिचे २४ किलो उतरले. एकूण वजनाच्या हिशेबाने पहिलीची घट ३० टक्के, दुसरीची २७ टक्के. पण जाहिरातींत बहुधा ‘अतिरिक्त वजनातील घट’ हे माप वापरतात. त्या हिशेबाने पहिलीची घट ६० टक्के आणि दुसरीची ८० टक्के! बारा किलो कमी उतरवणारी स्त्री अधिक यशस्वी ठरली. ‘योग्य’ बीएमआय २५ ऐवजी आशियाई मापाने २३ धरला, तर पहिलीचे यश ६० वरून ५६ टक्क्यांवर येते. तिच्या शरीरातला एक ग्रॅमही न बदलता. यात पुन्हा एक छुपी गाळणी आहे. पाच वर्षांनंतरची सरासरी काढताना जे रुग्ण परत आलेच नाहीत, ते हिशेबातून गळतात. आणि न आलेल्यांत निराश झालेले अधिक असण्याचा संभव असतो. मग फलकावरचा आकडा फुगतो आणि तो वाचून शस्त्रक्रियेला तयार झालेला पुढचा रुग्ण स्वतःला नापास समजू लागतो.

दुसरी चूक म्हणजे वजनालाच एकमेव फलित मानणे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील अभ्यासात १५० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांनंतर रक्तशर्करेचे कठोर उद्दिष्ट बायपासच्या २९ टक्के, स्लीव्हच्या २३ टक्के आणि केवळ औषधोपचाराच्या ५ टक्के रुग्णांनी गाठले. म्हणजे बहुसंख्यांना ते गाठता आले नाही, तरीही शस्त्रक्रियेचा लाभ स्पष्ट होता. स्वीडिश अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण तुलनेने कमी आढळले. ज्या शिक्षिकेचे १५ किलो परत आले, तिचे १९ किलो अजूनही उतरलेलेच होते. तिच्या गुडघ्यांचे, रक्तदाबाचे, झोपेचे काय झाले, हे नस्तीत कोणी विचारले नव्हते. नस्तीला फक्त काटा ठाऊक होता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुनी खोड दिसते. शस्त्रक्रिया मोजायच्या, माणसे नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळातील शासकीय कागदांत संख्या रकान्यारकान्यांनी सापडते, माणसांचे पुढे काय झाले ते क्वचितच. उद्दिष्टांची ती पद्धत औपचारिकरीत्या मागे घ्यायला १९९६ उजाडावे लागले. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेत सक्ती नाही, हा फरक मोठा आहे. पण ‘शस्त्रक्रिया झाली, देयक चुकते झाले, प्रकरण बंद’ ही मनोवृत्ती तीच आहे. नियामकाने घालून दिलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च ६० दिवसांपर्यंत मिळतो. आयुष्मान भारत योजनेत ही मुदत १५ दिवसांची आहे. बॅरिॲट्रिक रुग्णाचे वजन नीचांकाला पोहोचते ते साधारणपणे एक-दोन वर्षांनी. परत चढू लागते ते त्यानंतर. लोह, कॅल्शियम, बी-१२, ‘ड’ जीवनसत्त्व यांची गरज तर आयुष्यभराची. ज्या काळात रुग्णाला आधार हवा, तो सारा काळ आपल्या नियमांच्या बाहेर आहे.

आक्षेप आणि उत्तर

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या देशात पाच वर्षांखालील ३५ टक्क्यांहून अधिक बालके वयाच्या मानाने खुजी आहेत, तिथे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांवर सार्वजनिक पैसा किती ओतावा? माझे उत्तर असे, की प्राधान्य निःसंशय बालकांना, आणि लठ्ठपणातही प्रतिबंधालाच. परंतु शासन एकदा शस्त्रक्रियेचे देयक मंजूर करते, तेव्हा निवड झालेली असते. त्यानंतर पाठपुराव्याला पैसे नाकारणे ही काटकसर नव्हे. ती आधीच्या खर्चाची नासाडी आहे. पाटबंधारे खात्याने ही चूक दशकानुदशके केली. धरणे बांधली, कालव्यांच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचले नाही. निर्माण झालेली सिंचनक्षमता आणि वापरात आलेली सिंचनक्षमता यांतली दरी भरून काढण्यासाठी १९७४ मध्ये लाभक्षेत्र विकासाचा वेगळा कार्यक्रम काढावा लागला. पाठपुराव्याविना शस्त्रक्रिया म्हणजे चाऱ्यांविना धरण.

दुसरा आक्षेप नव्या औषधांचा. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतात आली. आता शस्त्रक्रियेची चर्चाच कशाला, असे काहीजण विचारतात. पण औषधाचा परिणामही सर्वांवर सारखा होत नाही, आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर एका वर्षात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे एका मोठ्या चाचणीच्या पुढील पाहणीत दिसले आहे. म्हणजे प्रश्न तोच, फक्त त्याची व्याप्ती काही पटींनी वाढणार आहे. शस्त्रक्रियेच्या निमित्ताने आपण जी न्यायबुद्धी घडवू, तीच उद्या लाखो औषधधारकांना लागू होईल.

मग करावे काय? पहिली गोष्ट, नोंदवही. स्वीडनमध्ये २००७ पासून या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे. आपल्याला परदेशी उदाहरणाचीही गरज नाही. मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि १९८१ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम उभारला. क्षयरोगात प्रत्येक रुग्णाचा शेवटपर्यंत माग ठेवून ‘किती गोळ्या वाटल्या’ऐवजी ‘किती रुग्ण बरे झाले’ हे मोजायची शिस्त आपण लावून घेतली. ‘निक्षय’ ही संगणकीय प्रणाली २०१२ पासून त्यासाठीच आहे. तीच शिस्त इथे हवी : शस्त्रक्रियेनंतर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षीची नोंद बंधनकारक, वजन दोन्ही मापांनी, सोबत मधुमेह, रक्तदाब आणि पोषणाची स्थिती, आणि न परतलेल्या रुग्णांची संख्या उघडपणे नमूद. ज्या रुग्णालयाला विमा किंवा शासन पैसे देते, त्याला ही अट घालणे अवघड नाही.

दुसरी गोष्ट, संमतिपत्र. ते रुग्णाच्या भाषेत असावे आणि त्यात एक सरासरी नव्हे, तर पल्ला सांगितलेला असावा : तुमच्यासारख्या चार जणांपैकी एकाचे वजन यापेक्षा कमी उतरते, एकाचे यापेक्षा जास्त, काही वजन परत येऊ शकते आणि ते आले म्हणजे तुम्ही अपराधी ठरत नाही. तिसरी, विम्याची मुदत. शस्त्रक्रियेच्या संपुटातच पाच वर्षांच्या रक्तचाचण्या, पूरक पोषण, आहारतज्ज्ञ, मानसिक समुपदेशन आणि गरजेनुसार औषधांचा खर्च धरावा. दूरच्या रुग्णासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा दूरध्वनीवर फेरतपासणीची सोय असावी. चौथी, पात्रतेचे निकष. ते भारतीय शरीरावरील पुराव्यांनुसार तपासून घ्यावेत आणि बीएमआयसोबत कंबरेचा घेर व प्रत्यक्ष आजार यांना स्थान द्यावे. पाचवी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे, तिला केवळ एक परिपत्रक लागते : ‘रुग्णाने पथ्य पाळले नाही’ हे कारण पुराव्याशिवाय कोणताही दावा नाकारण्यासाठी वापरता येणार नाही.

यातल्या शेवटच्या मुद्द्यावर सहकारी हसतील. परिपत्रकाने दृष्टी बदलते काय? पूर्णपणे नाही. पण शेरा लिहिणाऱ्याच्या हाताला क्षणभर थांबावे लागते, आणि प्रशासनात कित्येकदा त्या एका क्षणातच न्याय-अन्याय ठरतो. शरीराला कमी लेखून इच्छाशक्तीला वाजवीपेक्षा मोठे करणे आपल्याला सोपे जाते, कारण त्यात ज्याचे वजन उतरले त्याची स्तुती होते, ज्याचे उतरले नाही त्याला शिक्षा होते आणि व्यवस्था मात्र नामानिराळी राहते.

बहिणीची वही अजून चालू आहे. तिचे वजन आता स्थिरावले आहे; तिला हवे होते तिथे नाही, पण शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा बरेच खाली, आणि साखर आटोक्यात. तिच्या डॉक्टरांनी वही पाहून एक औषध बदलले. पथ्य बदलले नाही, कारण त्यात बदलण्यासारखे काही नव्हते.

ती नस्ती आता माझ्या हाती येणार नाही. आली असती, तर मी एवढेच लिहिले असते : ‘शस्त्रक्रिया समान असूनही निकाल भिन्न का आले, याचा कोणताही अभिलेख शासनाकडे नाही. तो नसल्याचा भार अर्जदारावर टाकता येत नाही. दावा मंजूर.’

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)